कोरड्या सोलापुरात पर्णकृमी येतो कुठून? नव्यानं गोठा घालणाऱ्यांसाठी

आमचा गोठा मोहोळ तालुक्यात, उजनीच्या कालव्याच्या एका चारीला लागून आहे. सात पंढरपुरी म्हशी, तीन पारड्या आणि दारात चार उस्मानाबादी शेळ्या, एवढा पसारा. हल्ली पुण्याची नोकरी सोडून गावाकडं आलेली पोरं-पोरी गोठा बघायला येतात. मुरघास, दूध काढायचं यंत्र, लाळ्या-खुरकुताची लस, कासदाह, सगळं विचारतात. पर्णकृमीचं मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टर ज्याला लिव्हर फ्लूक म्हणतात तो हा, जनावराच्या काळजात म्हणजे यकृतात राहणारा पानासारखा चपटा किडा. आपणहून विषय काढला तर उत्तर ठरलेलं: "तो भातखाचरातला रोग, कोकणातला. आपल्याकडं कुठलं आलंय एवढं पाणी?"

मीही तसंच समजत होते. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण जनावर जिल्ह्याच्या सरासरीवर चरत नाही, ते चारीच्या कडेला चरतं. आमची हरणी दुसऱ्या वेताला दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर द्यायची. तिसऱ्या वेतात चार महिन्यांतच साडेचारवर आली. खात होती, ताप नव्हता, पण अंगावरची चमक गेली. दुकानातून दोनदा जंताचं औषध आणून पाजलं. ते गोल जंतांवरचं होतं, पर्णकृमीला त्यानं धक्काही लागत नाही. हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. शेवटी डॉक्टरांनी शेण तपासलं तेव्हा कळलं. हरणी वाचली, पण ते वेत हातचं गेलं.

खालच्या पायऱ्या त्यानंतर शिकलेल्या आहेत. औषध मुद्दाम मागं ठेवलंय. हा किडा कुठून आला ते कळल्याशिवाय पाजलेलं औषध म्हणजे गळक्या हौदात सोडलेलं पाणी.

पहिली पायरी: आधी काळीज बघा

गावातल्या खाटकाला सांगून ठेवा की बिघडलेलं काळीज निघालं तर टाकू नको, मला दाखव. एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं डोक्यात बसतं.

निरोगी काळीज गर्द तांबडं, गुळगुळीत, कडा धारदार. मी पाहिलेलं शेळीचं काळीज खडबडीत होतं, कडा बोथट झालेल्या, आणि वरून पांढुरक्या दोऱ्या दिसत होत्या. त्या दोऱ्या म्हणजे जाड झालेल्या पित्तनळ्या. खाटकानं एक नळी उभी चिरली आणि सुरीच्या पाठीनं दाबली. आधी काळपट, चिकट पित्त आलं आणि त्यामागून, गुंडाळलेलं पान उलगडावं तसा एक करडा-तपकिरी किडा बाहेर पडला. तळहातावर घेतला तर हळूहळू आकसत होता. त्या एका काळजातून आम्ही अकरा मोजले.

आपल्याकडच्या सपाट, उष्ण मुलखात आढळते ती जात फॅसिओला जायगँटिका. लांबी अडीच ते साडेसात सेंटिमीटर, रुंदी साधारण एक सेंटिमीटर. तिची धाकटी बहीण फॅसिओला हेपॅटिका, ती थंड प्रदेशातली. दोघींचा फेरा जवळजवळ सारखाच. गायीच्या काळजात तर या नळ्यांच्या आतून चुन्याचा थर बसतो आणि सुरी फिरवली की करकर आवाज येतो.

एक खुलासा इथंच करते, कारण घरोघरी विचारतात. शिजवलेलं काळीज खाऊन माणसाला पर्णकृमी होत नाही. माणसाला तो होतो पाण्यातल्या कच्च्या भाजीपाल्यावरून किंवा तसल्या पाण्यावरून. आणि काळजावर पाण्याचे फोड दिसले तर ते निराळं दुखणं आहे, हायडॅटिडचं. ते कुत्र्यामार्फत फिरतं. तसलं काळीज कुत्र्यापुढं कधीही टाकू नका, जमिनीत पुरा.

दुसरी पायरी: फेरा पाठ करा

पाठच करा, खरंच. औषध कधी, चारा कुठला, शेण कुठं टाकायचं, सगळी उत्तरं या फेऱ्यात आहेत.

पित्तनळीत बसलेला मोठा पर्णकृमी रक्तावर जगतो. एकेक किडा दिवसाला अर्ध्या मिलीलिटरपर्यंत रक्त खातो. पन्नास किडे धरा, म्हणजे रोजचं पंचवीस मिलीलिटर. त्याच्या एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असतात आणि तो रोज हजारोंनी अंडी घालतो. अंडी पित्ताबरोबर आतड्यात येतात आणि शेणातून बाहेर पडतात.

आता शेणाचा पो पडला कुठं, यावर सगळं ठरतं. कोरड्या रानात पडला, उन्हानं वाळला, तर अंडी तिथंच संपली. पण पो पाण्यात पडला किंवा पावसानं वाहून डबक्यात गेला, तर आपल्या उबेत साधारण दोन-अडीच आठवड्यांत अंड्याचं झाकण उघडतं आणि अंगभर बारीक केस असलेली एक अळी पोहत निघते. तिच्याकडं वेळ जेमतेम एक दिवसाचा. तेवढ्यात विशिष्ट जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मेली. या फेऱ्यातली सगळ्यात नाजूक कडी ही.

गोगलगाय सापडली की चित्र पालटतं. अळी तिच्या अंगात घुसते आणि आत एकाची अनेक होत जाते. डॉक्टरांच्या भाषेत आधी स्पोरोसिस्ट, मग रेडिया, मग सर्केरिया. नावं विसरलात तरी चालेल, हिशेब विसरू नका: आत शिरलेल्या एका अळीची बाहेर पडताना काहीशे पिल्लं झालेली असतात. याला दोन ते तीन महिने लागतात. म्हणून जिथं पाणी आठ-पंधरा दिवसांत आटतं तिथं हा फेरा पुराच होत नाही, आणि जिथं ते महिनोन्‌महिने झिरपत राहतं तिथं तो मोडत नाही.

बाहेर पडलेली सर्केरिया बेडकाच्या पिल्लासारखी दिसते, शेपटीनं वळवळत पोहते. पाण्यातल्या गवताच्या देठाला चिकटते, शेपूट टाकते आणि स्वतःभोवती टणक कवच करून बसते. हीच मेटासर्केरिया. आकार पाव मिलीमीटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. ओलाव्यात ती महिनोन्‌महिने जिवंत राहते, कडक वाळवणीत मरते. म्हशीनं ते गवत खाल्लं की आतड्यात कवच फुटतं, कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतो आणि तिथून काळजात. मग कित्येक आठवडे तो काळीज पोखरत फिरतो आणि शेवटी पित्तनळीत जाऊन बसतो. गवत खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत तीन ते चार महिने जातात. म्हणजे शेणातल्या अंड्यापासून पुन्हा शेणातल्या अंड्यापर्यंत अर्धं वर्ष सहज.

माणसाला हे कळायला फार काळ लागला. १८७९-८० साली इंग्लंडात या रोगानं लाखो मेंढ्या मेल्या, तेव्हा कुठं कसून शोध सुरू झाला. ऑक्सफर्डच्या अल्जर्नन थॉमस यांनी आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी, एकमेकांपासून वेगळे राहून, १८८१ ते १८८३ च्या दरम्यान यातली गोगलगाय शोधून काढली. त्याआधी किडा काळजात दिसायचा, पण आला कुठून ते सांगता यायचं नाही. आपल्या कितीतरी गोठ्यांत आजही तीच गत आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण उत्तर सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

तिसरी पायरी: आपल्या शिवारातली ओली जागा शोधा

वही घ्या, गोठ्यापासून जनावर जिथवर जातं तिथवरचा कच्चा नकाशा काढा आणि मे महिन्यातही जिथं ओल टिकते अशा जागांवर खुणा करा. आपल्याकडं त्या जागा अशा असतात: कालव्याच्या भरावाखालचा पाझर, चारीचं गळकं दार, आवर्तन संपल्यावर फाट्यात राहिलेली डबकी, गावतळं, पाझर तलावाच्या खालची दलदल, ओढ्यातला डोह. हिप्परग्याच्या एकरुख तलावाचा काठ किंवा उजनीची गाळपेर जमीन, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी, जवळ असेल तर तीही धरा. आणि स्वतःच्या हौदाचं सांडपाणी विसरू नका. आमच्याकडं खरी खाण तीच निघाली. बोअरचा हौद भरून वाहायचा, खाली हिरवंगार गवत, पारड्या तिथंच बांधलेल्या.

आपल्या भागाची मेख अशी की धोका पावसाळ्यात कमी आणि पुढं जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोगलगायी वाढतात. फेब्रुवारीपासून पाणी मागं सरकतं आणि पाण्याखाली असलेले देठ, कवचांसकट, उघडे पडतात. सगळं रान करपलेलं असताना हिरवं फक्त तिथंच दिसतं, मग जनावर दुसरीकडं जाईल कशाला? थंड देशात हिवाळा हा फेरा थांबवतो, कारण दहा अंशांखाली अंडी वाढतच नाहीत. आपली थंडी तेवढी कधी टिकत नाही. आपल्याकडं फेऱ्याला थांबवतो तो फक्त कोरडेपणा.

आता गोगलगाय. रबरी हातमोजे आणि गमबूट घालून जा, कारण अशाच पाण्यात कातडीला खाज आणणाऱ्या दुसऱ्या अळ्याही असतात. पाण्यातलं गवत, कमळाची पानं उलटी करून बघा. सगळ्या गोगलगायी दोषी नसतात. तोंडाला टणक झाकण असलेली असेल तर ती आपली नव्हे. जिलेबीसारखी चपटी वेटोळी असेल तर तीही पर्णकृमीची नव्हे, मात्र ती दुसऱ्या चपट्या जंतांची वाहक असते, तेव्हा तिचीही नोंद करा. आपल्याला हवी ती लिम्निया: पातळ, पारदर्शक, मधाच्या रंगाची, शेवटचा वेढा कानाच्या पाळीसारखा फुगलेला, झाकण नाही. टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरलं की उघडी बाजू उजव्या हाताला येते. डावीकडं आली तर ती निराळी जात.

मी एक प्रयोग केला होता, जमलं तर करून बघा. हौदाखालच्या पाच लिम्निया काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात टाकल्या, पाण्यात पॉलिथिनच्या पिशवीचा एक पारदर्शक तुकडा सोडला आणि ग्लास रात्रभर झाकून ठेवला. सकाळी तुकडा उजेडात धरला तर त्यावर पांढरे ठिपके, खसखस सांडल्यासारखे, पण खसखशीहून बारीक. पुसले तर निघेनात. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना दाखवले. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे हरणीला आपणच चारलं म्हणायचं." मला त्यावर बोलता आलं नाही. ग्लास आणि तुकडा नंतर उकळत्या पाण्यात टाका, हात साबणानं धुवा. आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून जागा निर्धोक समजू नका. लागण झालेल्या गोगलगायी थोड्याच असतात.

चौथी पायरी: लक्षणं

दूध हळूहळू उतरणं, केस राठ होणं, खाऊनही अंग न धरणं, कधी पातळ शेण तर कधी घट्ट, माजावर न येणं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. गुलाबीऐवजी फिकट, कागदासारखी पांढरी दिसली तर रक्त कमी झालंय. मग येते जबड्याखालची सूज.

या सुजेत एक चूक जिवावर बेतते. घटसर्पातही गळा सुजतो. घटसर्पाची सूज गरम, दुखरी, कडक असते, ताप चढतो, घरघर लागते आणि जनावर दिवसभरात जाऊ शकतं. तिथं एक तासही दवडू नका. पर्णकृमीची सूज थंड, मऊ, न दुखणारी. बोट दाबून काढलं तर खळगा राहतो. दिवसभर मान खाली घालून चरलं की संध्याकाळी ती वाढलेली दिसते.

मेंढ्यांचं वेगळं. एकाच वेळी भरपूर कवचं पोटात गेली तर कोवळे कृमीच काळीज फाडतात आणि धडधाकट दिसणारी मेंढी अचानक पडते. सांगोला-मंगळवेढ्याकडचे धनगर बांधव उन्हाळ्यात कालव्याच्या पट्ट्यात कळप आणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. अशा वेळी शेणात एकही अंडं सापडत नाही, कारण किडा अजून अंडी घालण्याएवढा झालेलाच नसतो. मेलेल्या मेंढीचं शवविच्छेदन करून घेणं हाच मार्ग, बाकीचा कळप त्यानंच वाचतो.

पाचवी पायरी: शेण तपासा, पण योग्य पद्धतीनं

दवाखान्यात नुसतं "जंत बघा" म्हणू नका. "पर्णकृमीसाठी सेडिमेंटेशन करा" असं सांगा. जंतांच्या नेहमीच्या चाचणीत अंडी मिठाच्या दाट पाण्यावर तरंगवतात. पर्णकृमीचं अंडं जड, ते तळाशी जातं आणि त्या चाचणीत निसटतं.

पद्धत साधी आहे. सुपारीएवढं ताजं शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या जाळीच्या गाळणीतून गाळायचं, उंच ग्लासात चार-पाच मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी हलकेच ओतून पुन्हा स्वच्छ पाणी घालायचं. पाणी नितळ होईपर्यंत हेच. तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की बाकी कचरा निळा आणि पर्णकृमीचं अंडं सोनेरी पिवळं दिसतं. पोटातल्या दुसऱ्या चपट्या जंताचं अंडंही असंच मोठं असतं, पण ते फिकट, बिनरंगी. डॉक्टरांनी मला एकदा ते सोनेरी अंडं दाखवलं होतं. इतकं सुबक, आणि एवढं नुकसान करणारं.

शेण गुदद्वारातून काढलेलं किंवा पडताक्षणी उचललेलं द्या. चार-पाच जनावरांचं वेगवेगळं द्या, एकत्र नको. जवळ सोय नसेल तर सोलापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. जनावर हलवण्यासारखं नसेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहेच.

सहावी पायरी: औषध

औषध डॉक्टरच ठरवतील, पण तुम्हाला एवढं कळलं पाहिजे. आयव्हरमेक्टिन पर्णकृमीवर चालत नाही. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्या, पित्तनळीतल्या कृमींवर चालतं, पोखरत फिरणाऱ्या कोवळ्यांवर नाही. अल्बेंडॅझोल वाढीव मात्रेत फक्त मोठ्यांवर, आणि गाभणीच्या सुरुवातीच्या काळात ते टाळतात. ट्रायक्लाबेंडॅझोल कोवळ्या-मोठ्या दोन्हींवर चालतं. पण तेच ते वापरून, कमी मात्रेत पाजून काही देशांत कृमी त्याला दाद देईनासे झालेत. ऑस्ट्रेलियात ही गोष्ट १९९५ सालीच पुढं आली. म्हणून जनावर गाभण आहे का, किती महिन्यांची, दूध चालू आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि पाजल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही ते विचारून घ्या. ते दिवस पाळा. आपलं दूध कुणाच्या तरी बाळाच्या पोटात जातं.

वजन अंदाजे सांगू नका, आपण ते नेहमी कमीच सांगतो. टेलरचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की वजन किलोत. आमच्या एका म्हशीचा घेर ७२ आणि लांबी ५४, हिशेब ४२४ किलो. मी साडेतीनशे समजत होते.

वेळ: आमच्याकडं डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक मात्रा मे अखेरीस, पावसाआधी, म्हणजे अंडी पावसाच्या पाण्यात जाणार नाहीत. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, पावसाळ्यानंतर पोटात गेलेले कृमी तोवर वाढलेले असतात. तिसरी लागते का, ते मार्च-एप्रिलचं शेण सांगतं.

सातवी पायरी: चारा, पाणी, शेण

कोरडवाहू रानातला कडबा हे आपल्याकडचं मोठं वरदान. पाण्याशी संबंध नाही, वर कडकडीत वाळलेला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या रानात पर्णकृमी कुठून येणार? उसाचं वाडं शेंड्याचं असतं, तेही बरं. भीती आहे ती चारीच्या आणि तळ्याच्या काठच्या हिरव्या गवताची. तेच कापायची वेळ आली तर बुंध्याकडचा, पाण्यात राहिलेला भाग सोडून वरचं कापा आणि चांगल्या उन्हात पुरतं वाळवून मगच घाला. अर्धवट ओल्या गंजीवर विश्वास ठेवू नका.

पाणी हौदातच पाजा. म्हशीला डुंबायची हौस असते, ते मलाही मोडवत नाही. पण डबक्याऐवजी हौदाजवळ पाण्याचा पाइप धरा, किंवा नेलंच तर वाहत्या धारेत न्या, साचलेल्या डोहात नको. हौदाचं सांडपाणी चर काढून लांब न्या. आम्ही फक्त एवढंच केलं, हौदाभोवती मुरूम-दगड टाकले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिथं गोगलगाय दिसली नाही. मोरचूद टाकून गोगलगायी मारायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. त्यानं मासे मरतात आणि मेंढ्यांना विषबाधा होते.

शेण चारीच्या काठावर टाकायचं नाही. ढीग नीट कुजला, आतून तापला, की अंडी मरतात. बायोगॅस असेल तर उत्तमच.

बाजारातून आणलेलं जनावर

सांगोल्याच्या बाजारातून, पंढरपूरच्या कार्तिकीच्या किंवा सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या जनावर बाजारातून म्हैस आणली की पहिल्या आठवड्यात शेण तपासा. अंडी नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. विकणाऱ्यानं गेले दोन महिने तिला तळ्याकाठी चारली असेल तर किडा काळजात आहे, पण अंडी यायची आहेत. चार महिन्यांनी पुन्हा तपासा आणि तोवर तिचं शेण ओल्या जागेच्या आसपास जाऊ देऊ नका. आमच्या वहीत प्रत्येक जनावराच्या पानावर आणल्याची तारीख आणि तिच्यापुढं चार महिन्यांनंतरची तारीख लाल शाईनं लिहिलेली असते. गेल्या कार्तिकीला आणलेल्या चंद्रीचं पहिलं शेण स्वच्छ निघालं होतं. लाल तारखेला तपासलं तेव्हा त्यात सोनेरी अंडी होती.